हात सौ.चे, शिकवणी सुनेची

२३ नोव्हेंबर १९९७, रविवार

कंबर तशीच. डावा पाय पोटरीपर्यंत झिणझिणतो. उठताना पलंगाची पाटी धरावी लागते. माझ्यासारख्या माणसाला!

कारण काय, तर दिवाळीची साफसफाई. कपाट एकट्याने सरकवलं. सौ. म्हणत होती, मिलिंद पाळीवरून येऊ द्या. पण हजीऱ्याच्या कारखान्यातून पोराची बस यायला अजून तासभर होता आणि धीर धरणं आमच्या खानदानात नाही.

डॉ. म्हणाले, मणक्यातली चकती सरकली आहे. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. जानेवारी संपता संपता पुन्हा बघू, फरक नसेल तर ऑपरेशन. पाऊल लुळं पडलं तर मात्र त्याच दिवशी या. "आणि सर, सध्या मैदान विसरा."

विसरा म्हणे. शाळेत मु.अ.नी तर विसरायची व्यवस्थाच केली. २६ जानेवारीचं संचलन आणि कवायत यंदा नवे गायकवाड घेतील. "तुमच्यासाठी मंडपात खुर्ची ठेवतो सर, पाहुण्यांच्या शेजारी." प्रेमाने म्हणाले, म्हणून जास्त लागलं. सुरतेला आलो तेव्हापासून दर २६ जानेवारीला पांढऱ्या कपड्यात त्या मैदानावर उभा आहे. बसलेला पी.टी. मास्तर आणि न वाजणारी घंटा, शाळेला दोन्हींचा उपयोग सारखाच.

खुर्चीवर बसणार नाही. ठरलं.

२६ नोव्हेंबर

सौ.ने आज चहाबरोबर निरोप दिला. सुनेचा. एकाच घरात राहून निरोप!

हेतल म्हणजे मिलिंदची बायको. इथल्याच रांदेरची, गुजराती. वडोदऱ्याला नाच शिकलेली. मागच्या वर्षी लग्न झालं. मला वाटलं होतं घरभर घुंगरं वाजतील, तर पोरगी मांजराच्या पावलांनी चालते. माझ्याशी बोलणं बेताचंच. "बाबा, चा मूकूं?" एवढंच. मी "हो" म्हणतो. संपलं.

निरोप असा: हेतलची कंबर कॉलेजात असताना नाचाच्या तालमीत गेली होती. परदेशात शिकून आलेल्या एका बाईंनी तिला सतरंजीवर निजवून, हळूहळू व्यायाम देऊन उभी केली. तोच व्यायाम ती मला शिकवेल. मी रागावणार नसेन तर.

व्यायाम. मला. शिकवणार.

सौ.ला म्हटलं, नाव काय त्याचं? म्हणाली पिलाटिस की काहीतरी. कुणा जर्मन माणसाचं नाव. स्वतः मुष्टियुद्ध खेळायचा म्हणे. मग ठीक आहे. आपल्यातलाच दिसतो.

२८ नोव्हेंबर

पोरीची पहिली अट: आधी डॉक्टरांना विचारायचं. रिक्षाने गेलो, तिघंही.

मी गेलो होतो तेव्हा डॉक्टरांना एकच विचारलं होतं, मैदानावर कधी जाऊ. हिने काय काय विचारलं! कुठल्या बाजूला वाकलं तर त्रास वाढेल? पाठीवर निजून गुडघे दुमडले तर चालेल? कंबर थोडी उचलली तर? कुठलं दुखणं चालेल आणि कुठलं दिसताच थांबायचं? डॉ. खुर्चीत पुढे सरकून बोलायला लागले. मी गिऱ्हाइकाच्या सोबत आलेल्या माणसासारखा बसून होतो.

ठरलं ते असं. पाठीवर निजून, गुडघे दुमडून, सावकाश, चालेल. पुढे वाकून पाठ गोल करायचं काही नाही. स्नायू दमला तर हरकत नाही, पण कळ किंवा मुंग्या पायात खाली उतरल्या की तिथेच बंद.

परतताना रिक्षात तिने ते सगळं सौ.ला परत म्हणून दाखवलं. खरं तर मलाच. आमच्या पी.टी.च्या शिबिरात इतक्या नीट कुणी ऐकून घेतलं नव्हतं.

३० नोव्हेंबर, रविवार

पहिला दिवस. सगळा तमाशा.

आधी जागा. गादीवर निजलो तर "ना बाबा, पोची छे," कंबर बुडते. फरशीवर सतरंजी टाकली तर ती मोझॅकवर सरकते. शेवटी सौ.ने धुळ्याहून आणलेली जुनी घोंगडी खाली, सतरंजी वर. डोक्याखाली टॉवेलची घडी. पंखा बंद, म्हणे अंग गार पडू द्यायचं नाही.

मग खरा घोळ. मी उताणा, लेंगा-बनियनवर. सून समोर. तिला माझी कंबर कुठे टेकते, कुठे उचलली जाते ते हाताने बघायचं होतं. ती वाकली आणि थबकली. मी छताकडे बघायला लागलो. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. सासऱ्याच्या कमरेला सून हात लावणार कशी? तिच्याकडे नाही, आमच्याकडे नाही.

सौ. स्वयंपाकघराच्या दारात पोळीचं पीठ लागलेल्या हाताने उभी होती. म्हणाली, "अगं मला सांग. हात मी ठेवते."

तर अशी आमची शिकवणी. शब्द हेतलचे, हात सौ.चे. "आई, त्यांच्या कमरेखाली तुमची आंगळी घाला. जागा आहे थोडी? बस, ती जागा तशीच राहू द्यायची. दाबून सपाट करायची नाही, फुगवायची पण नाही." सौ. माझ्या कमरेखाली बोटं घालून तपासते आणि सुनेला अहवाल देते, जसा मी तिथे नाहीच.

आणि व्यायाम काय? श्वास घ्या. सोडा. सोडताना बेंबीखालचं पोट हलकेच आत. बस.

म्हटलं, पुढे? म्हणाली, आज एटलुंज, एवढंच.

३ डिसेंबर

चौथा दिवस, अजून श्वासच. मी म्हटलं, श्वास तर मी जन्मल्यापासून घेतोय.

"ना बाबा. तुम्ही श्वास पकडून ठेवता."

तपासलं. खरंच की. पाय जरा हलवायचा म्हटलं की माझा दम आपोआप रोखला जातो. तालमीत तसंच शिकलो. छाती भर, दम धर, लाव जोर. हिचं उलट. जोर लावायचा त्याच वेळी श्वास सोडायचा. "जोर नथी लगाववानो. तुम्ही तर लढाई करता." आणि हसली. पहिल्यांदाच माझ्यासमोर हसली.

दुसरी अट तिने आज सांगितली. दुखलं की लगेच बोलायचं. नंतर नाही, रात्री आईंना नाही, त्याच क्षणी, मला. मी हो म्हटलं. काय अवघड आहे त्यात?

७ डिसेंबर, रविवार

अवघड आहे.

आज टाच जमिनीवरून घसरवत पाय लांब करायचा होता, डावा. अर्ध्यावर मांडीमागे कळ आली. मी दात आवळून पाय पूर्ण लांब केला. वस्तादांच्या आखाड्यात दुखतंय म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी माती उकरायला लावायचे. तोंडातून शब्द निघेचना.

पण सौ.चे हात कमरेखाली होते. तिने सरळ सांगितलं, "हेतल, यांचं अंग लाकूड झालं आता." पकडला गेलो. सौ. तापली की माहेरची अहिराणी बाहेर पडते. "दुखस ते सांगाले काय व्हस? तोंड शे का नही?"

हेतलने पाय पुन्हा दुमडायला लावला. मग म्हणाली, जिथे कळ येते त्याच्या अलीकडे थांबायचं. तेवढाच तुमचा आजचा रस्ता.

पोरगी चिडत नाही. मी तिच्या जागी असतो तर छडी काढली असती.

११ डिसेंबर

आज टाच पुढे गेली, कळ नाही. परवापेक्षा वीतभर जास्त. सकाळी पलंगाची पाटी न धरता उठलो! मोजे स्वतः घातले.

काहीतरी आहे या पोरीच्या हातात. हातात कुठलं, तोंडात. ती "खांदे जड होऊ द्या" म्हणते आणि खांदे खरंच जड होतात. मी मैदानावर ओरडून ओरडून घसा बसवला तरी पोरांचे खांदे कधी सैल झाले नाहीत.

मिलिंद रात्रपाळीहून आला, आम्हाला तिघांना जमिनीवर बघून दारातच उभा. म्हणाला, "हे काय चाललंय?" सौ. म्हणाली, "शाळा."

१४ डिसेंबर, रविवार

खरा व्यायाम आज सुरू. पाठीवर निजून, गुडघे दुमडलेले, पावलं कुल्ल्यांच्या रुंदीइतक्या अंतरावर. श्वास सोडत कंबर थोडीशी वर. पाठ सरळ फळीसारखी. मान खाली, सैल. वर श्वास घ्यायचा, सोडत सोडत खाली. कंबर वर तरी किती, तर खालून मांजर जाईल एवढी. जास्त नाही.

माझ्याच्याने नीट होईना. कधी एक कुल्ला वर, कधी पोट ढगात. हेतल म्हणाली, तुम्हाला दाखवते, पण तिने साडी नेसली होती, पाहुणे येणार होते. तर सौ. म्हणाली, मी करून बघते. पदर खोचला आणि निजली.

आणि केलं! पहिल्याच वेळी. जशी हेतल म्हणाली तशी, न हलता, न हिसका देता, श्वास सोडत वर आणि श्वास सोडत खाली. चेहऱ्यावर रेघ नाही. हेतल टाळ्या वाजवायला लागली, "आई, तमे तो कमाल करी!"

मी इतकी वर्षं पोरांना पी.टी. शिकवली. घरात खेळाडू होती हे आज कळलं. छाती भरून आली. माझीच, तिच्यासाठी.

१८ डिसेंबर, गुरुवार

लिहावंसं वाटत नाही.

मैदानावर कवायतीचा सराव सुरू झालाय. गायकवाड चांगला मुलगा, नाशिकचा, शिट्टी नीट वाजवतो. पण काय करू, ते वाजवणं बघवत नाही. तासानंतर व्यासपीठावर चटया पसरलेल्या होत्या. तो म्हणाला, "सर, तुमची कंबर कशी आहे आता?" म्हटलं, बघ.

निजलो, गुडघे दुमडले, कंबर उचलली. तोवर ठीक होतं. मग अंगाला जुनी याद आली. कुस्तीत चीत होऊ नये म्हणून आम्ही डोकं मातीत टेकवून पाठीची अशी कमान करायचो की वरून दुसरा पैलवान बसला तरी मोडायची नाही. हेतलचा व्यायाम तर त्याचाच धाकटा भाऊ! मग मांजरच का, म्हैस जाईल एवढी कमान करतो. डोक्यावर गेलो. दम धरला. गायकवाड "वा सर" म्हणाला.

उतरताना खळ्ळ. पायाच्या अंगठ्यापर्यंत विजेसारखं.

हसत उठलो. म्हटलं, असं असतं. रिक्षाने घरी. सौ.ला सांगितलं, रस्त्यात खड्डा होता.

२० डिसेंबर

हेतलने पायाचं विचारलं, "बाबा, पग?" म्हटलं, ठीक आहे. आज व्यायाम नको, डोकं दुखतंय.

तिने माझ्याकडे बघितलं. मग माझ्या बसण्याकडे बघितलं. एका कुल्ल्यावर बसलो होतो.

२१ डिसेंबर, रविवार

आज मिलिंदची सुट्टी. सकाळी मला उठता येईना, ते त्याने पाहिलं. आतल्या खोलीत त्याचा आवाज ऐकला. "तुला कुणी सांगितलं होतं बाबांवर प्रयोग करायला? वाढलं ना दुखणं!" हेतलचा आवाज नाहीच. ती तशीच, चिडत नाही, उलटून बोलत नाही. तिला माहीत होतं की काहीतरी मी केलंय, तरी माझं नाव घेतलं नाही.

ते सहन झालं नाही. भिंत धरत गेलो आणि दारातून सांगितलं, तिचा काही दोष नाही. कमान मी केली. शाळेत. डोक्यावर.

सौ. बाहेरून म्हणाली, "तरी म्हटलं, असा कसा खड्डा!"

हेतलने फक्त विचारलं, मुंग्या कुठपर्यंत? पाऊल वर उचलता येतं? टाचेवर उभे राहा बरं. आता चवड्यावर. पाऊल लुळं नव्हतं. तरी तिने दुपारी डॉ.कडे नेलंच. डॉ. म्हणाले, नशीब. आठवडाभर विश्रांती, मग पुन्हा पहिल्यापासून. जानेवारी अखेरची तारीख पक्की करून टाकली, २७, मंगळवार, संध्याकाळी. तोवर दुखणं कमी झालं नाही तर ऑपरेशन.

रिक्षात मी म्हटलं, चुकलं. ती म्हणाली, "बाबा, आता श्वासथी शरू करशुं." हिच्या तोंडून एक टोमणा तरी यायला हवा होता. हलकं वाटलं असतं.

३० डिसेंबर

पुन्हा श्वास. लाज वाटत नाही आता. सौ.ची बोटं कमरेखाली.

सौ. शेजारी तिची स्वतःची सतरंजी टाकते हल्ली. माझं झालं की तिचं. हेतल तिला पुढचे प्रकार शिकवते, माझ्यापुढे दोन इयत्ता गेली आहे. बाजारातून येताना आता खांदे मागे टाकून चालते. पलीकडच्या पाटीलबाईंनी विचारलं म्हणे, कुठलं टॉनिक घेता? हिने सांगितलं, सुनेचं.

खरं आहे. मी शिबिरं केली, पदकं मिळवली. पण शिकवणं म्हणजे काय ते या पोरीकडे बघून कळतंय. समोरच्याला कमी लेखायचं नाही, घाई करायची नाही आणि एक इंचही सूट द्यायची नाही. तिन्ही एकदम. मला फक्त तिसरं यायचं.

१४ जानेवारी १९९८, उत्तरायण

आमची भेस्तानची वस्ती सगळी गच्चीवर. टेप, आरोळ्या, उंधियूचा वास. माझे हात शिवशिवत होते. मान मागे टाकून पतंग उडवायचा म्हणजे कंबर गेलीच. आणि मी, मी (!) म्हटलं, मी फिरकी धरतो.

पतंग सौ.ने उडवला. नंदुरबारला भावांबरोबर उडवायची म्हणे, लग्नाआधी. समोरच्या गच्चीतल्या पोरांचे दोन कापले. "काप्यो छे!" हेतल ओरडली, तिच्याहून मोठ्याने सौ. खालच्या गल्लीतून कुणीतरी विचारलं, "कोणे काप्यो?" मी वरून सांगितलं, आमच्या घरच्यांनी.

व्यायाम संध्याकाळी केलाच. आता मांजर जाईल एवढी कंबर उचलतो, एकदाही जास्त नाही. मुंग्या गुडघ्याच्या वरच थांबतात. हेतल म्हणते चांगलं लक्षण, वर सरकतंय.

मु.अ.ना उद्या सांगणार. खुर्ची नको.

१५ जानेवारी

सांगितलं. मु.अ. म्हणाले, डॉक्टरांचं पत्र आणा. डॉ. म्हणाले, थोडा वेळ उभे राहा, आज्ञा द्या, पण कवायत स्वतः करून दाखवायची नाही. दुखलं तर बसा. मु.अ. म्हणाले, मग खुर्ची मैदानात, तुमच्या मागे ठेवतो. नुसती ठेवतो.

ठेवू देत. मागे काय आहे ते मी कशाला बघतोय.

गायकवाड खूश. म्हणाला, सर, तुमच्या आवाजाशिवाय मजा नाही.

२१ जानेवारी

सौ. माहेरी, भावाच्या नातीचं बारसं. चार दिवस. म्हणजे कमरेखाली हात कुणाचे?

हेतल सतरंजी टाकून बसली. म्हणाली, आज फक्त शब्दांनी करू. केलं. पण मला कळेना, डावीकडे उंच होतंय की उजवीकडे. तिलाही वाकून वाकून दिसेना. संचलन पाच दिवसांवर. मी म्हटलं, बेटा, ठेव हात.

ती थांबली. मग पदर सावरून बसली आणि माझ्या डाव्या कुल्ल्याच्या हाडाखाली दोन बोटं ठेवली. डॉक्टर ठेवतात तशी. "अहींथी, बाबा. इथून." मी तिथून उचललं. सरळ झालं.

जेवताना तिने न विचारता माझ्या ताटात लोणचं वाढलं, सौ. वाढते तेवढं.

२५ जानेवारी, रविवार

सौ. परत आली. पांढरे कपडे इस्त्री करून खुंटीला. बुटांना खडू लावला. आज व्यायाम अर्धाच, हेतलने कमी केला. उद्यासाठी अंग राखायचं.

आज मुंग्या नाहीतच. जवळजवळ नाहीत.

२६ जानेवारी

संध्याकाळी लिहितोय.

सकाळी बूट घालताना पायात मुंग्या आल्या. पोटरीपर्यंत. लेस बांधली. हेतल चहा घेऊन आली, उभी राहिली. "बाबा, साचूं बोलो. खरं सांगा."

आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो. दुखतंय.

मला वाटलं ती जाऊ नका म्हणेल. तिने टाचेवर, चवड्यावर उभं केलं, पाऊल बघितलं. ठीक होतं. म्हणाली, जा. झेंड्याला उभे राहा. कळ खाली उतरली की बसायचं, वाट बघायची नाही. आम्ही दोघी पहिल्या रांगेत आहोत.

झेंडा झाला. राष्ट्रगीत झालं. संचलनाची पहिली आज्ञा उभ्याने दिली, आवाज मैदानाच्या पलीकडच्या भिंतीला लागून परत आला. पोरं सरळ झाली. मग कवायत. तिसऱ्या प्रकाराला कळ मांडीतून खाली सुटली. पुढे पाहुणे, सगळी शाळा, पालक. आणखी थोडा वेळ दात आवळून काढता आला असता. तेवढं मला अजून येतं.

बसलो. मागे हात लावून खुर्ची चाचपली आणि बसलो. आणि बसून पुढची आज्ञा दिली. श्वास सोडत, पोटातून. पोरांनी वळून बघितलंच नाही. कवायत एकाही पावलाने चुकली नाही. मु.अ.नी पाणी पाठवलं.

पहिल्या रांगेत हेतलने नुसती मान हलवली. मला पदकं मिळाली तेव्हा इतकं बरं वाटलं नव्हतं. आणि तरी, खुर्चीवरून दिसणारं मैदान वेगळंच दिसतं. ते आवडलं नाही. हेही लिहून ठेवतो.

२७ जानेवारी, मंगळवार

संध्याकाळी डॉ.कडे जायचं. पोटरीत मुंग्या अजून आहेत, कालच्यापेक्षा कमी. ऑपरेशन म्हणतील की नाही, हेतललाही विचारलं. म्हणाली, खबर नथी बाबा. ऑपरेशन झालं तरी नंतर हेच करायचं, नाही झालं तरी हेच. खोटा धीर देत नाही, हे एक आवडतं तिचं.

सकाळी सतरंज्या टाकल्या. माझं झालं, अगदी थोडं. मग सौ. निजली. कंबर उचलली, नेहमीसारखी, चेहऱ्यावर रेघ नाही. मी बघत होतो, कौतुकाने. हेतल म्हणाली, वा आई.

खाली येता येता सौ. छताकडे बघत म्हणाली, "माले बी दुखस."

मी म्हटलं, काय?

"कंबर. मिलिंद झाला तेव्हापासून. रोजच."

मिलिंद अठ्ठावीसचा आहे.

म्हटलं, बोलली का नाहीस? म्हणाली, काल तुम्ही सगळ्या शाळेपुढे बसलात, मग मला घरातल्या घरात सांगायला काय हरकत आहे.

हेतलच्या डोळ्यात पाणी. तिने ते पुसलं आणि मास्तरीण झाली. कुठे, कधी, पायात उतरतं का, सकाळी जास्त की संध्याकाळी, सगळं विचारलं. पायात नाही. म्हणाली, आज डॉक्टरांकडे दोन्ही कंबरा दाखवायच्या. मग माझ्याकडे वळली. "बाबा, आता तुम्ही हात ठेवा. मी सांगते." आणि सासऱ्याची पंचाईत ओळखून पाठ फिरवून बसली, कॅलेंडरकडे तोंड करून. तिथूनच सांगायला लागली.

मी गुडघा टेकला, पाठ सरळ ठेवून, शिकवल्याप्रमाणे. सौ.च्या कमरेखाली बोटं सरकवली. मला वाटायचं इतक्या वर्षांत या बाईचं मला सगळं माहीत आहे.

"इथे?" विचारलं.

म्हणाली, "नाही. अजून जरा खाली."